‘फंडेड पीएचडी’ म्हणजे नेमके कोणते पैसे?

प्रश्न डिचोलीच्या एका मुलीचा आहे. बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाली, सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेत लाइफ सायन्सेसची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली. आजोबा आणि काका दोघेही पन्नाशीच्या आसपास हार्ट अटॅकने गेले, म्हणून पीएचडी करायची तर हृदयावरच, असं तिने ठरवलंय. घराजवळचे एक गाईड ‘ये’ म्हणताहेत, पण त्यांचं काम सूक्ष्मजीवांवर आहे. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटरही आलंय, पण त्यात पैशांचा उल्लेख नाही. वडील कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, गहाण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. आई एवढंच विचारते की उंदीर मारावे लागतात का. आता काय करू?

आधी कर्जाचं सांगते, कारण घरात सध्या तेच बोलणं चालू असणार. काढू नका. प्रयोगशाळेतली पीएचडी हे पूर्णवेळ काम आहे. तू जे मोजशील त्यावर गाईडचे पेपर उभे राहतील, त्या पेपरांवर पुढचं अनुदान मिळेल. या कामाचे पैसे विद्यार्थ्याला द्यायचे असतात, त्याच्याकडून घ्यायचे नसतात. ब्रिटनच्या त्या पत्राचा अर्थ इतकाच, की तुझी पात्रता त्यांना मान्य आहे. तुझा खर्च कोण उचलणार याची जबाबदारी तिथे कुणीही घेतलेली नाही. चार वर्षांची परदेशी फी आणि राहण्याखाण्याचा खर्च सुपारी-नारळाच्या उत्पन्नावर फेडायचा, आणि त्यानंतर पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीच्या, पगारावर संसार मांडायचा, हा हिशेब बसत नाही. तो बसवायचा प्रयत्न केलेली दोन घरं मी जवळून पाहिली आहेत.

आता ‘फंडेड’ या शब्दाकडे वळू. मुलं विचारतात, ‘मॅडम, सीट फंडेड आहे का?’ आणि ‘हो’ ऐकलं की सुटकेचा श्वास टाकतात. मी त्यांना म्हणते, कोणते पैसे? तुझ्या पोटाचे, विद्यापीठाच्या फीचे, प्रयोगाचे, की शेवटी थिसिस लिहिताना लागणाऱ्या महिन्यांचे? हे चार वेगवेगळे खिसे आहेत. बहुतेक वेळा त्यातले एक-दोनच भरलेले असतात, आणि उरलेले रिकामे आहेत हे तिसऱ्या वर्षी कळतं.

पोटाचं तुझं तू कमावलंस. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ (सिनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. त्यावर नियमाप्रमाणे घरभाडं. एकूण मुदत पाच वर्षांची. दोन वर्षांनी समितीपुढे काम मांडायचं, ते पटलं की एसआरएफ. या फेलोशिपचं खरं मोल रकमेत नाही, ती तुझ्या नावावर आहे यात आहे. काही मुलं गाईडच्या प्रोजेक्टमधून जेआरएफ घेतात, तिला ‘प्रोजेक्ट जेआरएफ’ म्हणतात. रक्कम तेवढीच दिसते, पण प्रोजेक्ट तीन वर्षांत संपला की पगारही संपतो. तुझे पैसे तुझ्याबरोबर येतात, म्हणून कुठल्याही गाईडपुढे तू मान वर करून बसू शकतेस. तुझ्या पत्रावर रुजू होण्याची मुदत छापलेली असेल, ती आजच वाच. ती उलटली तर पुन्हा परीक्षा.

मात्र ‘दरमहा’ या शब्दावर विसंबू नकोस. माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका संस्थेत कुठलासा कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला नाही आणि सलग नऊ महिने माझा स्टायपेंड आला नाही. मी फोंड्याची, परराज्यात हॉस्टेलवर राहत होते. मेसचं बिल थकलं. आईने एक पाटली मोडली, आणि ती पाटली परत झाली तेव्हा माझं लग्नही होऊन गेलं होतं. एकरकमी थकबाकी आली, पण ज्या महिन्यांत डोकं प्रयोगात असायला हवं होतं, ते महिने मी अकाउंट्सच्या खिडकीपाशी घालवले. म्हणून निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय रुजू होऊ नकोस. आणि ज्या लॅबमध्ये जाशील तिथल्या सिनियरला पहिल्याच दिवशी विचार, गेल्या वर्षी स्टायपेंड किती वेळा अडकला आणि तो सोडवायला कुणाकडे जावं लागतं.

फीचा खिसा भारतात फारसा दुखत नाही. ब्रिटनमध्ये तोच सगळ्यात मोठा. तिथे हृदयसंशोधनाला पैसे पुरवणारी मोठी संस्था म्हणजे १९६१ साली स्थापन झालेली ब्रिटिश हार्ट फाउंडेशन. केंब्रिज, ऑक्सफर्ड, इम्पीरियल, एडिनबरा, ग्लासगो अशा विद्यापीठांत तिचे चार वर्षांचे पीएचडी कार्यक्रम चालतात. पहिल्या वर्षी विद्यार्थी वेगवेगळ्या लॅबमध्ये काही-काही महिने काम करतो आणि मग उरलेल्या तीन वर्षांसाठी विषय निवडतो. स्टायपेंड, फी, प्रयोगाचा खर्च यांचा त्यात विचार केलेला असतो. अडचण अशी की फी सहसा स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने धरलेली असते, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या फीमधला फरक कुणी भरायचा हे त्या त्या विद्यापीठावर अवलंबून राहतं. काही भरतात, पण जागा मोजक्याच. म्हणून अर्ज करण्याआधी एक ओळीचा मेल टाकून विचार: ‘परदेशी विद्यार्थ्याच्या फीचा फरक कार्यक्रमातून भरला जातो का?’ उत्तर गोलमोल आलं तर ते ‘नाही’ समज. केंब्रिजची गेट्स आणि ऑक्सफर्डची क्लॅरेंडन या शिष्यवृत्त्यांमध्ये मात्र परदेशी विद्यार्थ्यांचीही पूर्ण सोय होते. स्पर्धा जबर आहे, तरी अर्ज करायला काय हरकत आहे?

जर्मनीकडे आपल्याकडची मुलं कमी बघतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. तिथे पीएचडीचा विद्यार्थी बहुधा नोकरीच्या करारावर असतो, सरकारी वेतनश्रेणीचा ठरावीक हिस्सा पगार म्हणून मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते. बाड नाउहाइमला हृदय आणि फुप्फुसांवरची माक्स प्लांक संस्था आहे, खास हृदयरोगांसाठीचं राष्ट्रीय केंद्र २०११ पासून अनेक शहरांतल्या संस्थांना जोडून घेतंय. अमेरिकेत मुदत पाच-सहा वर्षांची असते. तिथल्या सरकारी प्रशिक्षण-अनुदानांपैकी बरीच फक्त नागरिकांसाठी आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पीएचडी-फेलोशिपला मात्र विद्यार्थी व्हिसावरची मुलंही अर्ज करू शकतात.

इथे गोव्यातलीच एक गोष्ट सांगायला हवी, कारण दरवर्षी कुणीतरी हटकून विचारतं. पोर्तुगीज पासपोर्ट. आजी-आजोबांच्या जन्मनोंदीवरून तो काढता येतो हे खरं, पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, आणि सीएसआयआरची जेआरएफ भारतीय नागरिकांसाठी आहे. दुसरीकडे, ब्रेक्झिटनंतर नव्याने त्या पासपोर्टवर ब्रिटनला जाऊन स्थानिक दराची फी मिळत नाही. हातची फेलोशिप घालवून भलत्याच आशेवर धावू नये.

तिसरा खिसा प्रयोगाचा. याबद्दल कुणी विचारत नाही, आणि हृदयाच्या बाबतीत पीएचडी बहुधा इथेच अडते. कशी, ते दाखवते.

उंदराच्या हृदयातून एकेक पेशी सुटी करायची आहे. भूल दिलेल्या उंदराचं हृदय काढून बर्फासारख्या थंड द्रावणात टाकतात. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची महाधमनी चिमट्यांनी उघडी धरून नळीच्या टोकावर चढवायची आणि रेशमी धाग्याने बांधायची. हे सगळं एक-दोन मिनिटांत. नळी जरा जास्त आत गेली की झडपेच्या पुढे जाते आणि द्रावण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरतच नाही. नीट बसली तर रक्त धुऊन जातं आणि ते इवलंसं हृदय शरीराबाहेर धडधडायला लागतं. ही रीत ओस्कर लांगेनडॉर्फ यांनी १८९५ साली बसवली, अजून तीच चालते. मग द्रावणातलं कॅल्शियम काढून घ्यायचं. ठोके थांबतात. आता कोलॅजनेज नावाचं एन्झाइम सोडायचं, ते पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळवतं. दहा-पंधरा मिनिटांत हृदय ओल्या कापसासारखं मऊ पडतं. ते अलगद कातरून, जाळीतून गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की विटांसारख्या लांबट पेशी दिसतात, अंगावर आडव्या रेघा, लांबी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग.

आणि इथेच नवखी मुलं रडतात. कॅल्शियम एकदम परत दिलं की त्या सुंदर पेशी एका झटक्यात आवळून गोल होतात आणि मरतात. याला कॅल्शियम पॅराडॉक्स म्हणतात, १९६६ पासून तो माहीत आहे. म्हणून कॅल्शियम थेंबाथेंबाने, पायरीपायरीने वाढवायचं. हृदयाला कॅल्शियम लागतं हे कळलं तेही असंच, चुकून. सिडनी रिंगर यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेत बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात उत्तम धडधडत होतं, कारण ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केलं गेलं होतं. शुद्ध पाण्यात केलं तर हृदय थांबू लागलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम काम करत होतं. १८८३ साली रिंगर यांनी आधीच्या पेपरातली ती चूक स्वतःच छापून दुरुस्त केली. माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी हे पहिल्या आठवड्यात सांगते.

आता यातले पैसे बघ. कोलॅजनेजची एक बाटली दुसरीसारखी निघत नाही. एका लॉटमध्ये दहापैकी आठ पेशी जिवंत मिळतात, पुढच्यात दोन. चांगला लॉट सापडला की लॅबला तो वर्षभराचा घेऊन ठेवावा लागतो, आणि तो परदेशातून, थंड पेटीत यायला हवा. त्यावर प्राणीगृहाचा खर्च, कॅल्शियम दाखवणारे चमकणारे रंग, सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा. तुझ्या फेलोशिपची वर्षाची कंटिंजन्सी (किरकोळ खर्चाची रक्कम) २०,००० रुपयांची, ती या खर्चात पहिल्या महिन्यातच संपेल. म्हणजे गाईडकडे स्वतःचं चालू अनुदान असायलाच हवं, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, डीबीटी या केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाचं किंवा २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं. ते किती वर्षं उरलंय हे विचारायला संकोचू नकोस. जे गाईड या प्रश्नावर रागावतात, त्यांच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा खिसा वेळेचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, कोर्सवर्क धरून. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा. पण मुदत वाढली म्हणून फेलोशिप वाढत नाही, ती पाच वर्षांवर थांबते. हृदयाच्या प्रयोगांत पहिलं दीड वर्ष नुसतं हात बसण्यात जातं. त्यामुळे सहाव्या वर्षी बिनपगारी थिसिस लिहिणाऱ्या मुली मी खूप पाहिल्या, त्यातल्या काही लग्न होऊन, कडेवर मूल घेऊन. गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, हा आकडा त्यांच्या पेपरांच्या यादीपेक्षा जास्त सांगून जातो.

मग जायचं कुठे? घराजवळच्या गाईडना नम्रपणे नकार कळव. सूक्ष्मजीवांवर सुंदर काम करता येतं, पण तुझा ओढा तिकडे नाही, आणि पाच वर्षं ओढ नसलेल्या विषयात काढणं फार जड जातं. हृदयालाच वाहिलेली मोठी संस्था गोव्यात नाही, म्हणून बाहेर पडावं लागेल.

माझ्या यादीत पहिलं नाव तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेचं. तिथे हॉस्पिटल आणि उपकरणं घडवणारी प्रयोगशाळा एकाच संस्थेचे दोन भाग आहेत. डॉ. वलियाथन यांच्या चमूने भारतीय बनावटीची कृत्रिम झडप तिथेच घडवली. आधीची तीन मॉडेलं फसली. एकात नीलम स्फटिकाची तबकडी बसवली होती, ती प्राण्याच्या शरीरात तुटली. चौथ्या मॉडेलात प्लॅस्टिकची तबकडी घेतली, ते टिकलं आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसलं. अपयश नोंदवून पुढे जाणारी जागा विद्यार्थ्यासाठी चांगली असते. बंगळुरूच्या इन्स्टेममध्ये हृदयविकारांवर काम होतं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत झेब्रामाशाच्या हृदयावर काम चालतं. त्या माशाच्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापला तरी सुमारे दोन महिन्यांत ती पुन्हा भरून येते, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. आपलं हृदय तसं का भरून येत नाही, या प्रश्नावर अजून कितीतरी थिसिस लिहून होतील.

तुझ्या घरातल्या दोन मृत्यूंबद्दल एक सांगते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरांना ५९ च्या जवळपास. का, याचा मोठा भाग तंबाखू, साखर, चरबी, ताण अशा ओळखीच्या कारणांत सापडतो, सगळा नाही. हृदयाच्या स्नायूंच्या दुबळेपणाबद्दल २००९ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने एक मोठा निष्कर्ष आला. हृदयाच्या एका प्रथिनाच्या जनुकात डीएनएची २५ अक्षरं गळालेली असतात, आणि ही गळती आपल्या उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळते. ती असलेले सगळे आजारी पडत नाहीत. मग कोण पडतं? हा प्रश्न परदेशी लॅबपेक्षा आपल्याकडे जास्त चांगला विचारता येतो, कारण ती माणसं इथे आहेत.

आणि गोव्यात काहीच करता येणार नाही असंही नाही. हार्ट अटॅकच्या रुग्णांसाठीच्या स्टेमी प्रकल्पात गावाकडच्या आरोग्य केंद्रातच ईसीजी काढतात, तो दूरवरून वाचला जातो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात आणि मग रुग्णाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आणतात. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला छातीत कळ आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि ती कुठे गेली, घरात ‘गॅस झालाय’ म्हणण्यात की बसची वाट बघण्यात? या मिनिटांवरही उत्तम पीएचडी होते. त्यासाठी उंदीर लागत नाहीत, संख्याशास्त्र आणि माणसांशी बोलायची हातोटी लागते. डॉक्टर असलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी याचा विचार अवश्य करावा.

गाईडना मेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर, मला तुमच्या कामात खूप रस आहे’ असं लिहू नकोस, असे मेल रोज येतात आणि आम्ही ते उघडत नाही. त्यांचा एक पेपर नीट वाच, त्यातल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न विचार, आणि पहिल्याच परिच्छेदात लिही की जेआरएफ तुझी स्वतःची आहे. मुलाखतीला गेलीस तर गाईडबरोबर एक तास आणि त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर चहाच्या टपरीवर दोन तास घालव. शक्य असेल तर रुजू होण्याआधी एक महिना बिनबोभाट काम करून बघ. ब्रिटनच्या त्या कार्यक्रमांतलं पहिलं फिरतं वर्ष मला म्हणूनच आवडतं: लग्नाआधी घर बघून घेता येतं.

आता आईचा प्रश्न. हो, बहुतेक हृदयाच्या लॅबमध्ये उंदीर मारावे लागतात. प्राण्यांच्या नैतिकता समितीपुढे प्रत्येक प्रयोगासाठी किती प्राणी आणि का, हे लिहून द्यावं लागतं, भूल पूर्ण लागते की नाही हे तपासावं लागतं. पहिल्या दिवशी माझा हात थरथरला होता, त्या रात्री मी जेवले नाही. अजूनही प्राणीगृहात शिरताना मी बोलत नाही. दुसरे रस्ते आहेत. माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून मूळपेशी बनवून, त्यांच्यापासून बशीत धडधडणाऱ्या हृदयपेशी तयार करता येतात. त्या गर्भातल्या पेशींसारख्या कच्च्या राहतात ही त्यांची मर्यादा. माझ्याकडे पेडण्याची एक मुलगी होती, तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, मॅडम, मला हे जमणार नाही. तिला मी रागावले नाही, ईसीजीच्या नोंदींकडे वळवलं. गेल्या महिन्यात तिने सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा सारांश, सादर केला.